बूथचा आकडा गावाला भोवतो

महोदय,
परवा संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला गेले. माप ओतून घेताना तिथल्या पोराने हसतच सांगितलं, “बाई, आपल्या बूथला लीड कमी पडलं तर यंदा कारखान्याची ऊसतोड टोळी उशिरा येईल, साहेबांचा निरोप आहे.” याला कोणी धमकी म्हणेल का? पण तोड लांबली नि उसाला तुरे फुटले की वजन घटतं, हे दोन एकरवाल्याला कळतं. मागे उभ्या असलेल्या शेजारणीने किटली उचलली नि न बोलता निघून गेली.

मत गुप्त असतं असं मी वर्गात छत्तीस वर्षं शिकवलं. माणसाचं गुप्त असेलही. आमच्या केंद्रावर मात्र सातशेच नावं, आणि मोजणी यंत्रागणिक. कुठल्या वस्तीने कुणाला किती दिलं, ते निकालादिवशीच कागदावर येतं. पूर्वी मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता यायच्या. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं ‘टोटलायझर’ निवडणूक आयोगाने 2008 मध्येच सुचवलं, विधी आयोगाने 2015 मध्ये त्याची शिफारस केली. ते अजून आलेलं नाही.

भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 खाली असा दबाव गुन्हा आहे, हे मला ठाऊक आहे. पण तक्रार केली तर ऊस कोण तोडणार? म्हणूनच नाव छापू नये ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा