मोकळी जागा आधी आखा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री

विषय : ले-आउट मंजूर करण्याआधी पाण्याची वाट आखून घेण्याबाबत

महोदय,

मी मोजणीदार. उभा जन्म ले-आउटचे नकाशे काढण्यात गेला. त्यातले काही आज काढायला सांगितले तर हात आखडेल. समपातळी रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे चढाच्या दिशेने टोक काढून वळतात तिथे ओढा असतो. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसला तरी असतो. हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. तरीही नेमक्या त्या टोकावर प्लॉटचा नंबर पडतो. मीही टाकलाय. पाइप घालून वर भराव केला की कागदावरचा ओढा संपतो.

मोकळ्या जागेची गत तीच. नियमात टक्केवारी असते, पण ती जागा चढावर की सखलात, हे कोण विचारतो? प्लॉट पाडून उरलेला तिरपा कोपरा किंवा माथ्यावरचा खडक ‘बाग’ म्हणून रंगवला जातो. पाणी काय तिथे चढून जाणार आहे?

एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10 लाख लिटर पाणी झाले. भुसभुशीत जमीन त्यातले बरेचसे पोटात घेते. पण काम सुरू होताच बुलडोझर वरचा थर खरवडतो. इंचभर सुपीक माती बनायला शेकडो वर्षे लागतात, ती एका दुपारी ट्रकमध्ये भरली जाते. खालची माती यंत्रांच्या फेऱ्यांनी इतकी दबते की पुढे हिरवळ लावली तरी पाणी वरून वाहून जाते.

सिंगापूरने बिशान उद्यानालगतचा 2.7 किलोमीटरचा काँक्रीट कालवा फोडून 2012 पर्यंत तिथे पुन्हा वळणावळणाची नदी वाहती केली. पूर आला की उद्यानाचा काठ पाण्याखाली जातो, ओसरला की लोक पुन्हा फिरायला येतात. अर्थात अतिवृष्टीपुढे असे उपायही तोकडे पडतात. चीनमधल्या झेंगझोऊत ‘स्पंज सिटी’ची, म्हणजे शहराने पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घ्यावे यासाठीची, कामे झाली होती, तरी जुलै 2021 मध्ये तासाभरात 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि शहर बुडाले.

मागणी एवढीच : मंजुरीच्या फाइलमध्ये पहिला नकाशा उतार आणि ओढ्यांचा असावा. सर्वांत सखल भाग मोकळा सोडावा, वरची माती बाजूला रचून त्याच जागेवर परत पसरावी, आणि प्लॉट त्यानंतर पाडावेत. चार प्लॉट कमी होतील, विकासक कुरकुरतील. पण ते विकून मोकळे होतात. पाणी उपसणारे पंप मात्र वर्षानुवर्षे पालिकेच्या पैशावर चालतात.

हा नियम झाला, तर पहिला नकाशा विनामोबदला काढून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक मोजणीदार