‘दंड भर आणि मोकळा हो’ हे वाक्य खरं करा

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: किरकोळ गुन्ह्यातली जुनी शिक्षा चारित्र्य पडताळणीतून वगळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी लिपिक म्हणून लागलो आणि नाझर म्हणून निवृत्त झालो. दंडाचे पैसे मोजून घ्यायचे, पावती फाडायची, खाली सही करायची, हे माझं बरीच वर्षं काम होतं. त्या पावत्यांबद्दलच आपल्याला लिहायचं आहे.

लोकअदालतीचा दिवस असला किंवा जुनी प्रकरणं निकाली काढायची मोहीम निघाली, की सकाळपासून आवारात गर्दी व्हायची. जत्रेत, पोळ्याला, दिवाळीत पारावर पत्ते कुटताना पकडलेली पोरं त्यात जास्त. कोर्टात त्याला सगळे ‘बारा अ’ म्हणतात. म्हणजे जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ चं कलम १२(अ). पंचनाम्यात बावन्न पत्ते आणि साठ-सत्तर रुपये रोख. कुणी दारूबंदीत आलेला असायचा, कुणी रस्त्यात हातगाडी लावली म्हणून. पैरवीचा, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणारा, हवालदार एकेकाला बाजूला घेऊन सांगायचा, ‘‘हो म्हण. दोनशे रुपये भर आणि मोकळा हो. नाहीतर चार वर्षं तारखा करशील.’’ वकीलही तेच सांगत. आणि मीसुद्धा. खिडकीशी घाबरून उभ्या असलेल्या किती पोरांना मी म्हटलं असेल, ‘‘भरलेस ना पैसे? झालं, संपलं आता. जा घरी.’’

आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवावी, असं कायदा सांगतो. आमच्याकडे छापील कागद असायचा आणि त्यावर सही किंवा अंगठा. पुकारा होई, ‘गुन्हा कबूल आहे का?’, ‘हो साहेब’, न्यायालय उठेपर्यंत साधी कैद आणि दोनशे रुपये दंड. पोरगा संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसायचा आणि शेवटच्या एसटीने घरी जायचा. आपल्याला शिक्षा झाली आहे, आपण आता कायद्याच्या भाषेत ‘सिद्धदोष’ आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसायचं. मीही नाही.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका मुलाला २०१० साली ‘बारा अ’त दोनशे रुपये दंड झाला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. जत्रेच्या रात्री चौघांत बसला होता, एवढंच. पुढे बी.ए. झाला. पहाटे चारला उठून धावायचा. २०१७ मध्ये एका सरकारी खात्यात शिपाई म्हणून त्याची निवड झाली आणि साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती लिहून द्यायचा कागद, त्याच्या हाती भरायला आला. त्यात रकाना होता: आपणास कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय? त्याने ‘नाही’ लिहिलं, ते खोटं लिहायचं म्हणून नव्हे. पैसे भरले, पावती मिळाली, प्रकरण मिटलं, असंच तो सात वर्षं समजत होता. पोलीस ठाण्याच्या पडताळणीत जुनी नोंद निघाली. खात्याने खुलासा मागवला. महोदय, तेव्हा त्या मुलाने काय केलं असेल? दहावीच्या सनदेसोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती पावती काढली आणि साहेबांपुढे ठेवली, की बघा, मी पैसे भरलेले आहेत. निर्दोषपणाचा कागद म्हणून त्याने जो दिला, तोच शिक्षेचा पुरावा झाला. माहिती दडवल्याच्या कारणावरून निवड रद्द झाली.

तो माझ्याकडे आला तेव्हा रागावलेला नव्हता. एवढंच म्हणाला, ‘‘काका, तुम्हीच तर सही केली होती. संपलं म्हणले होते.’’

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. कायद्याची पुस्तकं घरात होतीच, ती पुन्हा उघडली. ज्या व्यवस्थेची मी इतकी वर्षं नोकरी केली, तिच्यात झालेली शिक्षा कधी संपते याचं उत्तर शोधत होतो. सज्ञान माणसासाठी ते सापडलं नाही. तुरुंगवास संपतो, दंड भरला जातो, पण दोषसिद्धी जुनी होत नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, नातवंडं झाल्यावरही ती कालच्यासारखीच ताजी.

मुलांच्या बाबतीत मात्र कायद्याने विचार केलेला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ मध्ये अल्पवयीनाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंद नष्ट करायची आहे. अपवाद फक्त १६ ते १८ वयातल्या, घोर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चाललेल्यांचा. आमच्या गल्लीतला मुलगा त्या जत्रेत दोन वर्षांनी लहान असता, तर त्याची नोंद आज कुठेही नसती.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आहे. समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला कलम १२ प्रमाणे अपात्रता चिकटत नाही. पण दोषसिद्धी म्हणून जी असते ती त्यानेही पुसली जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. आणि हे कलम मागणार कोण? लोकअदालतीच्या दिवशी, शंभर प्रकरणांच्या बोर्डावर, ‘साहेब, मला परिवीक्षेचा लाभ द्या’ असं म्हणणारा एकही आरोपी मला आठवत नाही. दोनशे रुपये भरणं सोपं वाटायचं, त्यालाही आणि आम्हालाही.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण ती मी रोज डोळ्यांनी पाहिली आहे. बांधावरून भांडण झालं, एकाने दुसऱ्याला थापडा मारल्या, गुन्हा दाखल झाला. तारखेला दोघं येतात, गावातले चार जण मध्ये पडतात, तडजोड होते. तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटला, असंच कायदा धरतो. चांगलंच आहे ते, गावात शांतता राहते. पण पत्ते खेळणाऱ्याने कुणाला मारलेलं नसतं, त्यामुळे त्याच्याशी तडजोड करायला समोर माणूसच नसतो. त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, दुसऱ्याला मारणारा कोऱ्या पाटीने घरी जातो आणि खरं बोलून ‘हो साहेब’ म्हणणारा जन्माचा डाग घेऊन. शांतपणे चार वर्षं तारखा करत राहिला असता, तर बहुधा पंच फिरले असते आणि तोही सुटला असता. कबुलीची इतकी मोठी किंमत आपण लावली आहे.

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्यासाठी शासनाने वेळोवेळी शासन निर्णय काढले आहेत. त्यावर माझी तक्रार नाही. त्यात कितीतरी कॉलेजची मुलं होती. फक्त हे बघावं, की खटला चालू असेल तरच तो मागे घेता येतो. ज्याने पहिल्याच तारखेला कबूल केलं, त्याच्या हाती मागे घेण्यासारखं काही उरलेलं नसतं.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ८ आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. सहा वर्षं संपली, की अपात्रता संपली. म्हणजे शिक्षेच्या परिणामाला शेवटची तारीख असावी, हे तत्त्व आपल्या कायद्याने आमदार-खासदारकीसाठी मान्य केलेलं आहे. तीच तारीख मी शिपायाच्या जागेसाठी मागतो आहे.

सर्वोच्च न्यायालय हे १९९६ सालीच बोललं आहे. पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याची नोकरी गेली होती, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली, म्हणजे चारचौघांत अश्लील वागण्या-बोलण्याबद्दल, त्याला दंड झाला होता. दंड किती, तर २० रुपये. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि तिथे न थांबता संसदेला सांगितलं, की हजारो लोक किरकोळ प्रकरणांत छोटा दंड भरून मोकळे होतात, त्यांत बहुतेक तरुण आणि अननुभवी; म्हणून समजा दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ही कोणत्याही कारणासाठी, विशेषतः सरकारी नोकरीसाठी, दोषसिद्धी मानली जाऊ नये अशी तरतूद करा. त्यानंतर २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की तरुण वयातला क्षुल्लक गुन्हा लपवला गेला असला, तरी नियोक्ता तो माफ करू शकतो. ‘करू शकतो.’ सरकारी कार्यालयात या दोन शब्दांचं काय होतं, हे मला आणि आपल्याला दोघांनाही माहीत आहे. ज्या टेबलावर फाइल असते, तो माणूस आपल्या अंगावर कशाला घेईल?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही नवी शिक्षा आली. पहिल्यांदाच केलेली आणि पाच हजार रुपयांच्या आतली चोरी असेल, चोरलेला माल परत केला, तर तुरुंगाऐवजी सेवा. माणूस सुधारावा हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. पण सेवा पुरी करून आलेला माणूसही पडताळणीच्या रकान्यात सिद्धदोषच राहणार. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात तर दोषसिद्ध माणसाला रखवालदार म्हणून ठेवू नये असं आहे. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, याचा तिथे विचारच नाही. सुधारलेल्या माणसाने पोट भरायला जायचं कुठे?

ज्या इंग्रजांकडून आपण फौजदारी कायद्याचा साचा घेतला, त्यांनी स्वतःच्या देशात १९७४ साली वेगळा कायदा करून ठरावीक मुदतीनंतर शिक्षा ‘सरली’ असं मानायला सुरुवात केली. नुसत्या दंडासाठी तिथे आज ती मुदत एक वर्षाची आहे. आणि त्याच इंग्रजांनी आपल्याकडे १८७१ साली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. तरी पारधी वस्तीतल्या तरुणाकडे एखादा ‘बारा अ’ निघाला, की तो इतरांपेक्षा किती जड होतो, हे मी न्यायालयाच्या आवारात पाहिलेलं आहे. आम्हा बाकीच्यांना तो एक डाग. त्याला मात्र आजोबापासूनची नोंद पुरी झाल्यासारखी.

आपण म्हणाल, हे केंद्राचं काम. सगळंच नाही. जुगार हा राज्य सूचीतला विषय आहे आणि १८८७ चा अधिनियम आपल्या राज्याचा आहे. दारूबंदीचा १९४९ चाही. या दोन कायद्यांत, केवळ दंड किंवा न्यायालय उठेपर्यंतची कैद झालेली पहिली शिक्षा तीन वर्षांनी अपात्रता ठरणार नाही, एवढं एक कलम विधिमंडळ घालू शकतं. दंड संहितेसारख्या केंद्राच्या फौजदारी कायद्यांतली किरकोळ कलमं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात, येतात. तिथे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. आणि चारित्र्य पडताळणी तर थेट आपल्याच विभागाकडे आहे. अशी जुनी, एकुलती एक नोंद प्रमाणपत्रात लिहू नये, अशा सूचना पोलीस ठाण्यांना द्यायला आपल्याला दिल्लीकडे पाहावं लागणार नाही. साक्षांकन नमुन्यातल्या त्या प्रश्नाखाली ‘दंड भरला असल्यास तीही दोषसिद्धी आहे’ ही एक ओळ मराठीत छापली, तरी कितीतरी मुलं अजाणता खोटं लिहिण्यापासून वाचतील. तेवढं तर उद्याही करता येईल.

स्त्रियांवरचे, मुलांवरचे अत्याचार, खून, दरोडे यांच्या नोंदी पुसा असं मी म्हणत नाही, कधी म्हणणारही नाही. शाळेत कुणाला ठेवायचं, हे ठरवताना त्या नोंदी समोर असल्याच पाहिजेत. पुन्हा गुन्हा केला, तर न्यायालयाला जुना इतिहासही दिसावा. मी पारावरच्या पत्त्यांबद्दल बोलतो आहे.

लोकअदालतीबद्दल एक विनंती आहे. ती विधी व न्याय विभागाकडे आपणच पोचवू शकता. कबुली घेण्याआधी प्रत्येकाला, त्याला कळेल अशा भाषेत सांगितलं जावं, की याला शिक्षा म्हणतात आणि पुढे नोकरीच्या वेळी ती विचारली जाईल. ज्याला अजून शिक्षा झालेली नाही त्याला परिवीक्षा मागता येते, हेही सांगावं. विधी सेवा प्राधिकरणाचे वकील त्या दिवशी आवारातच असतात. एका माणसामागे पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं मी दिली असती, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तो मुलगा आता भाड्याचा टेम्पो चालवतो. सरकारी भरतीची वयोमर्यादा उलटायला आली आहे. मागच्या महिन्यात एका खासगी गोदामातल्या कामाचा अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला. त्यातही तोच रकाना आहे. काय लिहू, असं त्याने विचारलं. ‘हो, २०१० मध्ये, २०० रुपये दंड’ असं लिही, एवढंच मला सांगता आलं. अर्ज अजून त्याने दिलेला नाही. आपलं उत्तर आलं, तर ते मी त्याला वाचून दाखवणार आहे.

आपला,
न्यायालयीन सेवेतून निवृत्त झालेला एक नाझर