आरसा सैल बसू दे

प्रिय सुधीर,

तुझ्या दुर्बिणीच्या सेलचं, म्हणजे मुख्य आरसा धरणाऱ्या बैठकीचं, ड्रॉइंग पाहिलं. सुबक आहे, पण आरसा तू कड्यात गच्च बसवलायस. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढताना, हा मोह होतोच, स्क्रीनवर काच काय आणि ॲल्युमिनियम काय, दोन्ही सारखीच करडी. पण थंडीत कड्याचं ॲल्युमिनियम आरशाच्या पायरेक्स काचेपेक्षा कितीतरी जास्त आकसतं. 254 मिमी व्यासावर, 20 अंश उतरले की 0.1 मिमीचा फरक. ज्या पृष्ठभागात आपण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाची चूक सोसत नाही, त्याला हा फास म्हणजे 180 तरंगलांब्यांचा! तेव्हा कडेला 0.5 मिमी फट सोड, आणि पुढच्या क्लिपा काचेपासून 1 मिमी दूर ठेव. क्लिपांनी आरसा धरायचा नसतो. नळी कलली तर तो बाहेर पडू नये एवढंच त्यांचं काम.

फ्रीकॅडमध्ये आधी स्प्रेडशीट कर: व्यास, जाडी, पाठीमागच्या टेकूंची दोन वर्तुळं, फट. स्केचमधली मापं त्या खान्यांना जोडलीस की पुढे आरसा बदलला तरी सगळं पुन्हा काढावं लागणार नाही. आरसा मात्र सपाट चकती म्हणून काढू नकोस. तुझ्या f/5 आरशाला (नाभीचं अंतर व्यासाच्या 5 पट) वक्रतात्रिज्या 2540 मिमी, म्हणजे मधे 3.2 मिमी खोलगट. कड 25 मिमी जाड धरली तर गुरुत्वमध्य पाठीपासून 12.5 वर न येता 11.7 वर येतो. वजन साधारण 2.65 किलो. कडेचे दोन टेकू, खालच्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांवर, बरोबर 11.7 च्या पातळीत हवेत. पुढेमागे झाले की आरसा वाकतो आणि दृष्टिवैषम्य, म्हणजे तारा लांबट दिसण्याचा दोष, दिसतं. (हे डॉब्सोनियनपुरतं, म्हणजे नुसत्या वर-खाली आणि आडव्या फिरणाऱ्या बैठकीपुरतं. पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या इक्वेटोरियल बैठकीवर खालची बाजूच बदलत राहते, तिथे दोन टेकूंनी भागत नाही.)

पाठीमागे आधाराचे 9 बिंदू पुरेत, तीन त्रिकोणी पट्ट्यांवर तीन-तीन. त्यांच्या त्रिज्या प्लॉप हा संगणक प्रोग्राम काढून देतो. समज आतले तीन 45 वर आणि बाहेरचे सहा 95 वर आले. प्रत्येक त्रिकोणावर आतला एक आणि बाहेरचे दोन. तिन्ही बिंदूंवर सारखा भार हवा, तर त्रिकोणाचा झुलता टेकू (45 + 1.732 × 95) ÷ 3, म्हणजे 69.8 मिमीवर. इथे एक-दोन मिमी इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही, त्यावर रात्र घालवू नकोस. बिघडतं ते घर्षणाने. त्रिकोण नटाने आवळलास की तो झुलत नाही, 9 बिंदूंपैकी 3-4च भार घेतात आणि बाकीचे शोभेला. त्रिकोणाला खालून काउंटरसिंक (शंकूच्या आकाराचा खळगा) मारून तो एम6 (6 मिमी) बोल्टावरच्या डोम नटवर, म्हणजे घुमटी डोक्याच्या नटवर, नुसता टेकव. गरगर फिरू नये म्हणून शेजारी 3 मिमीची पिन, 5 मिमीच्या भोकात सैल.

तू तेच तीन बोल्ट कोलिमेशनलाही, म्हणजे आरशाचा कल जुळवायलाही, वापरलेस. भाग वाचतात, खरं आहे. पण हिशोब बघ. एम6 चा आटा 1 मिमीचा. एका बोल्टापासून उरलेल्या दोघांच्या रेषेपर्यंतचं अंतर 105 मिमी. बोल्टाच्या एका फेऱ्यात नाभीपाशी (जिथे प्रकाश एकवटतो तिथे) प्रकाश 24 मिमी सरकतो. अंधारात हाताने हे जमवणं कटकटीचं. झुलते टेकू आतल्या चौकटीवर पक्के कर, आणि ती चौकट 130 मिमी त्रिज्येवरच्या तीन स्प्रिंगवाल्या बोल्टांवर ठेव. फेरा 13 मिमीवर येईल.

लेझर कटिंगला डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) देताना एक माप तोंडी सांग. फाइल इंचात उघडली गेली तर त्रिकोण 25.4 पट व्हायचे! त्याआधी एक त्रिकोण कागदावर 1:1 छापून पुठ्ठ्यावर चिकटव आणि बोल्ट घालून बघ.

बसवल्यावर तारा नाभीच्या आत-बाहेर नेऊन पाहा. तिकोनी दिसला तर क्लिप चावतेय. लांबट दिसून नाभीपलीकडे आडव्याचा उभा झाला, तर आरसा सेलमध्ये 90 अंश फिरव. लांबटपणा काचेबरोबर फिरला तर दोष काचेचा. जागच्या जागी राहिला तर आधी कडेचे टेकू मोज.

सुधारलेली फाइल पाठव, कटिंगला टाकायच्या आधी.

तुझा,
विवेक