बुजऱ्या घोडीच्या वतीने आभार

काका,
नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर वाळपईजवळच्या तुमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, लाकडांवरची निळी ताडपत्री फडफडली, माझी घोडी चांदणी बुजली आणि मी चिऱ्यांवर आपटले. तुम्ही हातातली कोयती टाकून धावलात, पण आधी मला नाही, तिला धरलंत. तेव्हा राग आला होता, खरं सांगते. मोकाट घोडी रस्त्यावर गेली असती तर काय, हे मनगटाला पट्टी बांधल्यावर सुचलं.

फौजेत घोडे सांभाळून निवृत्त झालेला माणूस सुपारी वेचताना भेटावा, हे माझं नशीबच. मला आधी शिकवलं होतं, बुजली की एक फटका द्यायचा. तुम्ही हसलात. "ताडपत्रीपाशी मार बसला, म्हणजे ताडपत्री वाईटच, असं तिचं पक्कं होणार." मग दुपारभर तुम्ही तिला लांब उभी केलीत. कान टवकारलेले, नाक फुरफुरणारं. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं की दोन पावलं पुढे. पुन्हा ताठरली की मागे. शेवटी ती ताडपत्री हुंगून कंटाळली.

घोड्याला जवळजवळ ३५० अंश दिसतं, नाही दिसत ते कपाळापुढचं आणि शेपटीमागचं, हे तुमच्याकडूनच कळलं. उन्हातून पोफळींच्या सावलीत शिरताना तिचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही. मी मात्र नेमकी तिथेच टाच मारायचे आणि तिला हट्टी म्हणायचे! येताना तीच ताडपत्री दुसऱ्या बाजूने दिसते, म्हणून पुन्हा नवी वाटू शकते. आता परतीच्या वाटेवरही मी गाफील राहत नाही.

सगळ्यात कामी आला तो एका लगामाचा धडा. दोन्ही लगाम खेचले की ती त्यांच्यावरच भार टाकून पळते. एकच लगाम हळूहळू घेऊन तिची मान माझ्या गुडघ्याकडे वळवली की मागचे पाय बाजूला सरकतात आणि जोर सुटतो. पण हे दुडकी सुटायच्या आत; भरधाव असताना किंवा अरुंद बांधावर नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. परवा पाटाच्या कडेला रानडुक्कर निसटलं. चांदणी दचकली. मी लगामाला हातही लावला नाही, श्वास सोडला, मांड्या सैल केल्या. ती एक उडी मारून थांबली. वाट अरुंद होती, म्हणून उतरून पुढे चालत नेली. पूर्वी याची लाज वाटायची.

आता एकच विचारायचं आहे. शिगम्यात गावात घोडेमोडणीचा नाच येतो. ढोल-ताशे, कमरेला लाकडी घोडे बांधलेली माणसं, हातात तलवारी. चांदणीला आधीपासून लांबून ढोल ऐकवू की त्या दिवशी तुमच्या कुळागरात आणून बांधू? तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
डिचोलीची घोडीवाली