दाखल्यावरची तिसरी ओळ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

परवा जुने कागद आवरताना माझ्याच अक्षरातली, मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची एक प्रत हाती लागली. पहिल्या ओळीत ‘अन्ननलिकेतल्या शिरा फुटून रक्तस्राव’, दुसऱ्या ओळीत ‘सिरॉसिस’, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाणं. तिसरी ओळ मूळ कारणाची, ती कोरी. त्याच फाइलच्या तळाशी नऊ वर्षांपूर्वीचा, घडीवर पिवळा पडलेला रक्ताचा रिपोर्ट होता : हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूचा संसर्ग, पॉझिटिव्ह. तो मी वाचलेला होता. पण रात्रीचे दोन वाजले होते, नातेवाईक दाराशी ताटकळत होते आणि सिरॉसिस लिहिलं की काम भागत होतं.

असे दाखले मी किती लिहिले, ते आता मोजता येणार नाही. शिवाय मी एकटाच नाही. अमेरिकेत हिपॅटायटिस सीचं निदान होऊन मरण पावलेल्यांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात फक्त १९ टक्के दाखल्यांवर या आजाराचं नाव सापडलं. यकृत बिघडल्याच्या खुणा मात्र बहुतेकांच्या कागदपत्रांत आधीपासून होत्या. तुमच्या टेबलावर या आजाराच्या मृत्यूंचा आकडा लहान दिसत असेल, तर त्यात आम्हा डॉक्टरांच्या कोऱ्या ओळींचाही हात आहे, हे लक्षात असू द्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा जुनाट संसर्ग आहे आणि २०२२ मध्ये त्याने साधारण २ लाख ४२ हजार माणसं दगावली, मुख्यतः सिरॉसिस आणि यकृताच्या कर्करोगाने. पण हा विषाणू यकृतापुरता थांबत नाही. तैवानमध्ये हजारो लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तेव्हा रक्तात विषाणू असलेल्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी होणारे मृत्यूही जास्त आढळले. अशा मृत्यूंच्या दाखल्यावर तर यकृताचाही उल्लेख येत नाही.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. जुनाट संसर्ग झालेल्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना सिरॉसिस होतो, तोही वीसेक वर्षांत. वीस वर्षं! आणि ९५ टक्क्यांहून जास्त लोकांना बरं करणाऱ्या गोळ्यांचा कोर्स बहुतेकांना बारा आठवड्यांत पुरा होतो. त्या येण्याआधी, इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनच्या जमान्यातला एक अभ्यास आहे : यकृत बरंच निबर झालेल्या रुग्णांपैकी ज्यांच्या रक्तातून विषाणू गेला, त्यांच्यात दहा वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ८.९ टक्के होतं; ज्यांचा गेला नाही, त्यांच्यात २६ टक्के. माझ्या त्या रुग्णाच्या हातात नऊ वर्षं होती.

म्हणून पहिली मागणी तपासणीची. अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेलं प्रथिन, पॉझिटिव्ह आली, तर त्याच रक्तावर आरएनए चाचणी, म्हणजे खुद्द विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, आपोआप व्हायला हवी. अँटिबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते. विषाणू आत्ता आहे की नाही, ते आरएनए सांगते. आज ‘आणखी एक तपासणी करून या’ म्हटलं की माणूस जातो तो जातोच. अंगात ताप नाही, दुखणं नाही, तो परत कशाला येईल?

दुसरी मागणी बरं झालेल्यांसाठी. कॅनडा, स्कॉटलंड आणि इंग्लंडमधल्या रुग्णांच्या २०२३ च्या अभ्यासात विषाणू गेल्यानंतरही मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा बरंच जास्त राहिलं; कारणं मुख्यतः यकृताची आणि अमली पदार्थांची. सिरॉसिस झालेल्याला कर्करोगाचा धोका उरतोच, त्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू राहिली पाहिजे. ‘विषाणू गेला, आता यायची गरज नाही’ असं मीसुद्धा रुग्णांना हसतमुखाने सांगितलेलं आहे. व्यसनात अडकलेल्याला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवणं हेही अर्धंच काम.

आणि तिसरी मागणी या दाखल्याची. सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग लिहिणाऱ्या डॉक्टरला ‘कशामुळे?’ हे विचारल्याशिवाय कागद पुढे जाऊ देऊ नका. रात्री दोन वाजताही.

त्या दाखल्याच्या दुरुस्तीसाठी मी अर्ज केला आहे. त्याची प्रत, रुग्णाचं नाव झाकून, सोबत जोडली आहे. तिसऱ्या ओळीतलं अक्षर या वेळी नीट काढलं आहे.

आपला,
एक डॉक्टर