पारोळा रोडवरच्या अप्पांना, सहा महिने उशिराने

अप्पा, नमस्कार.

ओळखलं का? मे महिन्यात भर दुपारी, मागच्या सीटवर शेवभाजीची पातेली आणि पुढे चिडलेली मी, अशी जी पांढरी डिझेल गाडी तुमच्या गॅरेजच्या पत्र्याच्या शेडपुढे येऊन थांबली होती ना, ती पारोळ्याची केटरिंगवाली मी. आभार मानायला सहा महिने लावले याचा राग मानू नका. नेहमीचा बिघाड असता तर दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन आले असते, पण येऊन जाऊन होणाऱ्या फॉल्टचं काय असतं, तो गेला असं वाटलं की परत येतो, आणि मला आधी दोनदा "झालं काम ताई" ऐकून घरी गेल्यावर फसायची सवय लागलेली होती. म्हणून ठरवलं की ऊन, पावसाळा, ऑक्टोबर हीट आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी एवढं सगळं निघू दे, मग लिहू. निघालं सगळं.

तुम्हाला तेव्हा घाईत अर्धवट सांगितलं होतं, आता नीट सांगते. होळीनंतर कधीतरी सुरू झालं. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू, धुळ्याला जाऊन डबे उतरवले की परत निघताना नुसतं टक टक टक. पहिल्यांदा एका गॅरेजवाल्यांनी बघितलं, "मॅडम, लाईट चालू राहिली असेल". नव्हती राहिली. दुसऱ्यांदा बॅटरी बदलली. नवी बॅटरी बरोबर तीन आठवडे चालली आणि एका रात्री लग्नाची ऑर्डर संपवून येताना मुकटीजवळ हॉटेलावर पाच मिनिटं थांबले तर परत तेच. रात्रीचे साडेअकरा, हायवेला ट्रकची रांग (आपल्या त्या फागणे-तरसोद चौपदरीकरणात किती वर्षं आणि किती टायर गेले ते आपल्यालाच माहीत), सोबत वाढपी दोन पोरं, त्यांनी आणि हॉटेलवाल्याने धक्का मारला तेव्हा घरी पोचलो. मग तिसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या माणसाने इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघितली, म्हणे गाडी चालू राहिली म्हणजे डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी भरतो तो) ओके. वर, "बॅटरीच डिफेक्टिव्ह निघाली असेल, वॉरंटीत द्या." बॅटरीवाल्याने चेक करून सांगितलं, बॅटरी ठीक आहे. म्हणजे सगळं ठीक आणि गाडी बंद.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा वायर काढायच्या गोष्टीला तुम्ही कपाळाला हात लावला होता ते अजून आठवतं. चालू इंजिनवर बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात डायनामोचे डायोड जाऊ शकतात, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि मग पाचशेच्या कामाचे पंचवीस हजार होतात, हे तुम्ही त्या दिवशी मला सांगितलंत, मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. तुम्ही बोनेट उघडलंच नाही आधी. मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, आणि विचारत बसलात. सकाळी होतं का? नाही. एसी लावल्यावर? हो, जास्त करून. पावसात? अजून पाऊस कुठे. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो का? कधीच नाही लागला. हे ऐकून तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "तुन्ही बॅटरी बेस शे माय, तिले खावालेच भेटत नही." म्हणजे बॅटरी चांगली आहे, तिला खायलाच मिळत नाही.

बॅटरीला व्होल्ट मोजायचं मीटर लावलं तेव्हा गाडी बंद असताना 12.2 व्होल्ट, म्हणजे अर्धीच भरलेली. पूर्ण भरलेली 12.6 च्या आसपास दाखवते हे मला त्या दिवशी कळलं. इंजिन चालू केलं तर 14.3. एकदम बरोबर, 13.8 ते 14.5 च्या मध्ये. आधीचे सगळे इथेच "ओके आहे" म्हणून थांबले होते. तुम्ही म्हणालात आता गाडीला भूक लागू दे. एसी, ब्लोअर फुल, हेडलाईट अप्पर, सगळं चालू करायला लावलं, मीटरला लांब वायरी जोडल्या, बोनेटच्या फटीतून खिडकीतून आत घेतल्या आणि मीटर माझ्या मांडीवर. "तू आकडा वाच, मी चालवस."

बाहेर 44 डिग्री, फागण्याकडे निघालो. मी 14.2, 14.1, 14.1 असं भजन म्हणावं तसं म्हणत होते. दहा मिनिटं काहीच नाही. मला मनात वाटलं, झालं, आज पण गाडी शहाणी झाली. आणि एका स्पीड ब्रेकरवरून उतरलो तसा आकडा 12.4! पुढच्या खड्ड्यात परत 14. मग परत 12.4 आणि तिथेच बसला. लाल दिवा? बंद. इतके दिवस ज्या गोष्टीला लोक मला "तुमचा काहीतरी गैरसमज" म्हणत होते ती माझ्या मांडीवर आकड्यात दिसत होती. खरं सांगते, रडूच येणार होतं.

शेडवर आल्यावर इंजिन बंद न करता तुम्ही जे केलं ते मी आता कोणालाही सांगू शकते. बॅटरीवर मोजलं, 12.4. डायनामोच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर मोजलं, 14.4. मग मीटरची लाल पिन त्या बोल्टवर, काळी पिन बॅटरीच्या प्लसवर, म्हणजे एकाच वायरच्या दोन टोकांना. तिथे खरं तर शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं, 0.2 - 0.3 पर्यंत चालतं. आलं 1.9. अर्थिंगची बाजू पण मोजली, इंजिनच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.1, ती बरोबर. म्हणजे डायनामो पूर्ण देत होता आणि रस्त्यात दोन व्होल्ट कोणीतरी खात होतं. "मोटर चालू शे, पन ड्रीपले पानी नही." केळीवाल्यांच्या घरची मी, एका वाक्यात समजलं. फिल्टर चोक झाला की मीटर पळतं, लाईट बिल येतं आणि झाडं सुकतात, तसंच. आणि लाल दिवा का नाही लागला ते पण तेव्हाच कळलं, माझ्या गाडीत तो दिवा डायनामोच्या बाजूचं बघतो, त्याच्या दृष्टीने स्वयंपाक झालेला होता, ताटात पडला की नाही ते तो बघतच नाही.

मग लाकडी दांड्याने तुम्ही ती वायर जराशी हलवली आणि 1.9 चे 0.3 झाले, सोडली की परत 1.9.

इंजिन बंद, आधी बॅटरीचा मायनस काढला (डायनामोची ती जाड वायर कायम जिवंत असते, पाना लागला तर ठिणगी), आणि रबरी टोपी मागे सरकवून म्हणालात, "हाई दख", हे बघ. वरून नट घट्टच होता. पण खालच्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीत, वायर नीट दाबलेलीच नव्हती, तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, कडेला हिरवी पूड, आणि वरचं आवरण तळलेल्या बिबड्यासारखं, बोट लावलं तर कुरकुर करून तुटलं. चाळीस अँपिअर जात असतील तर दोन व्होल्ट म्हणजे ऐंशी वॅट, एका थिंबलमध्ये जुन्या बल्बएवढी धग, तुम्ही वहीच्या पाठकोऱ्या पानावर गुणाकार करून दाखवला होता. म्हणून सकाळी थंड असताना चालायचं आणि एसी लावून तापलं की सैल पडायचं. आधी कोणीतरी डायनामोचं काम केलं होतं का असं तुम्ही विचारलंत. गाडी सेकंड हँड घेतलेली, मला काय माहीत. नंतर जुन्या मालकाला फोन केला, हो, कार्बन बदलले होते म्हणे.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. काळी पडलेली वायर चमकतं तांबं लागेपर्यंत छाटली, नवीन थिंबल दाबलं, बोल्टचं तोंड पॉलिश पेपरने घासलं, स्लीव्ह चढवली. परत मोजलं, 0.15. सगळं चालू ठेवून बॅटरीवर 14.2.

तुम्ही दोनशे रुपये घेतले. मी पाचशे ठेवले तर तीनशे परत केले आणि विचारलं, जुनी बॅटरी कुठे आहे? मी म्हटलं नवी घेताना एक्स्चेंजमध्ये दिली. तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं, त्या गप्प बसण्याने मला कळलं की ती चांगली होती. साडेपाच हजार गेले अप्पा, पण ते जाऊ द्या, तुमच्याकडे आधी आले नाही ही माझी चूक.

आता माझ्याकडे स्वतःचं मीटर आहे, तीनशे रुपयांचं, डॅशबोर्डच्या खणात, हळदीच्या डब्याशेजारी. महिन्यातून एकदा रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजते. काल सकाळी 12.6 होतं. आमच्या गल्लीतले दोन जण त्यांच्या गाड्या घेऊन माझ्याकडे येऊन गेले, एकाची नवीन गाडी आहे, त्यात कॉम्प्युटरच मुद्दाम चार्जिंग कमी जास्त करतो असं तुम्ही सांगितलं होतं म्हणून त्याला घाबरवलं नाही, तुमच्याकडे पाठवलाय. डोक्यावर टोपी, बोलतो फार, ओळखाल.

हे पत्र तुमच्या शेजारच्या चहावाल्या भाऊच्या मोबाईलवर पाठवतेय, तो वाचून दाखवेल. भरताची वांगी आली आहेत. गुरुवारी धुळ्याला ऑर्डर आहे, बारापर्यंत शेडवर येते, भरीत आणि कळण्याची भाकरी आणते. मिरची कमी घालते, त्या दिवशी ॲसिडिटीची गोळी शोधत होतात ते बघितलं होतं मी. जेवण करून घेऊ नका आधी.

तुमची,
पारोळ्याची पातेलीवाली