आपण आणि आम्ही

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "जी माणसं जगात नाहीतच, त्यांची भाषा करून बोलणार कोण?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

माझ्या कादंबरीतले ओरेळ लोक नदीवर होड्यांत राहतात. दोन्ही काठांवर दुसऱ्यांचं राज्य, दुसऱ्यांची भाषा. ओरेळ म्हणजे नुसतं 'माणसं'. (हे मी ढापलं. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणाऱ्या लोकांच्या 'इनुइट' या नावाचा अर्थही माणसंच.) काठावरचे त्यांना 'भिजके' म्हणतात.

तुम्हाला एस्पेरान्तोचं कौतुक. डोळ्यांचे डॉक्टर झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये ती मांडली, १६ नियमांत, अपवादांना थारा न देता. कुणालाही चटकन शिकता यावी म्हणून केलेली भाषा ती, तिला ते शोभतं. मीही आधी तसंच केलं आणि ओरेळ यंत्रासारखे बोलू लागले. घरात वापरून झिजलेली भाषा अशी सरळ नसते. 'बसणे'चं 'बसला', पण 'जाणे'चं 'गेला', 'येणे'चं 'आला', 'करणे'चं 'केलं'. सतत तोंडात असणारीच क्रियापदं वाकडी, कारण ती लहानपणीच जशीच्या तशी पाठ होतात, नियम लावायची वेळच येत नाही. म्हणून ओरेळांचं 'खाणे', 'निजणे', 'वल्हवणे' मी मुद्दाम बिघडवलं. 'कर भरणे' मात्र अगदी नियमात, कारण तो शब्द काठावरून उशिरा आला. विसाच्या पुढचे आकडेही काठावरचेच, बाजार तिकडे भरतो ना.

पाण्याला पन्नास शब्द द्यायचा मोह आवरला. त्याऐवजी ते पुराचं नाव घेत नाहीत, 'पाहुणा' म्हणतात. रशियनमध्ये अस्वलाचं असंच झालं. भीतीपोटी त्याला 'मध खाणारा' म्हणता म्हणता जुनं नाव भाषेतून पुसलंच गेलं. ओरेळांचा पुराचा खरा शब्द आता एका अंगाईत तेवढा उरलाय आणि गाणारीला त्याचा अर्थ ठाऊक नाही. ती अंगाई लिहिताना मी रडले, बाबा. नसलेल्या माणसांसाठी.

सगळ्यात जास्त अडले ते सर्वनामांपाशी. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. तमिळ-तेलुगूतही हा भेद आहे, हिंदी-इंग्रजीत नाही. मूठभर लोकांना तर तो पदोपदी लागणार. ओरेळ काठावरच्यांशी कायम 'आम्ही'च बोलतात. त्यांच्यातली एक मुलगी काठावर शिकायला जाते, सुट्टीत परतते आणि सहज म्हणून जाते, "तुमची होडी गळतेय." आईचं वल्हं थांबतं. सहा ओळींचा प्रसंग आहे.

आई, तो कुठून आला ते तुला कळलं असेल. गेल्या महिन्यात मी "तुमच्या घराला रंग काढायला हवा" म्हणाले आणि तू जरा थांबून "हो, बघू" म्हणालीस. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं.

एक काम कर. मला निजवताना तू काहीतरी बिनअर्थाचं गुणगुणायचीस, त्याची चाल आठवते, शब्द नाहीत. रेकॉर्ड करून पाठव. अंगाईच्या दुसऱ्या कडव्याला हवंय. आणि रंग मी आल्यावर आपण ठरवू.

तुमची लेक